वाचकांचे प्रश्न : ताप आला म्हणजे पू झाला, असं नाही

मागच्या अंकात स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल, म्हणजे पॅन्क्रियाटायटिसबद्दल, दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि पत्रांची रीघ लागली. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच शब्द: इन्फेक्शन. कुणाचं झालं, कुणाचं टळलं, कुणाला वाटतं की डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे झालं. म्हणून या वेळी मूळव्याध, ॲसिडिटी आणि हर्निया या सगळ्यांना बाहेर बाकावर बसवलंय. त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी यजमानांना (वय ४६) पित्ताच्या खड्यामुळे जोरदार पॅन्क्रियाटायटिस झाला. दुसऱ्या दिवसापासून आयसीयूत होते. रोज १०२ ताप, पांढऱ्या पेशी १८,०००. मी रोज विचारायचे, अँटिबायोटिक का देत नाही? डॉक्टर म्हणायचे, आत्ता गरज नाही. आणि २३व्या दिवशी सांगितलं की आत इन्फेक्शन झालंय! मग नळ्या घातल्या, दोन महिने गेले. ते आता घरी आहेत, पण माझ्या मनातून जात नाही. पहिल्याच आठवड्यात औषध दिलं असतं तर हे टळलं असतं ना?

ताई, आधी थेट उत्तर देते: नाही, बहुधा टळलं नसतं. तुमचा राग मला समजतो. आयसीयूच्या दाराशी बसलेल्या माणसाला रोजचा तापाचा आकडा हीच एक कळणारी गोष्ट असते.

आत काय चाललेलं असतं ते बघा. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं असतं. लांबी वीतभराहून थोडी कमी, वजन शंभर ग्रॅमच्या आत. एवढीशी ग्रंथी रोज साधारण दीड लिटर पाचकरस बनवते. या रसातली प्रथिनं फोडणारी द्रव्यं झोपलेल्या अवस्थेत बाहेर पडतात आणि आतड्यात पोचल्यावर जागी होतात. पॅन्क्रियाटायटिसमध्ये ती ग्रंथीतच जागी होतात आणि घरातलंच खायला लागतात. ग्रंथी स्वतःलाच पचवते, हे हान्स कियारी नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १८९६ सालीच मांडलं होतं.

या जळिताला शरीर जे उत्तर देतं, ते जंतूंच्या हल्ल्याला दिलेल्या उत्तरासारखंच असतं. ताप, नाडी नव्वदच्या वर, श्वास जलद, पांढऱ्या पेशी बारा हजारांच्या वर. एकही जंतू नसताना. पहिल्या आठवड्यातला ताप हा बहुतेक वेळा या आगीचा ताप असतो. आणि पहिल्या आठवड्यात माणूस दगावतो तो सहसा पुवाने नव्हे, तर फुप्फुसं, किडनी आणि रक्ताभिसरण कोलमडल्याने. आजार 'तीव्र' ठरवायची कसोटीही हीच आहे: एखादा अवयव ४८ तासांहून जास्त काळ बंद पडलेला राहिला तर तीव्र. २०१२ साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणात ते तसं नोंदलेलं आहे. तापाचा आकडा त्यात कुठेच नाही.

या जळितात ग्रंथीचा आणि भोवतालच्या चरबीचा काही भाग मरतो. त्याला नेक्रोसिस म्हणतात. हा मेलेला भाग सुरुवातीला निर्जंतुक असतो. जंतू येतात नंतर, आणि बाहेरून नाही, घरातूनच. आजाराच्या धक्क्यात आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडतो, त्याचं अस्तर गळकं होतं आणि आतले ई. कोलाय, क्लेब्सिएला, एन्टेरोकॉकस पाझरून त्या मेलेल्या भागात जाऊन बसतात. नेक्रोसिस झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांत असं होतं, आणि बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. तुमच्या यजमानांचा २३वा दिवस अगदी पुस्तकात सांगितल्यासारखा आहे.

मग आधीपासून अँटिबायोटिक देऊन दार का लावून घ्यायचं नाही? आम्हीही हाच विचार केला होता. नव्वदच्या दशकात मी शिकाऊ सर्जन असताना असा पेशंट आला की इमिपेनेम हे अँटिबायोटिक चढलंच पाहिजे, असा दंडक होता. १९९३ साली इटलीतल्या डॉक्टरांनी ७४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात या औषधाने संसर्ग कमी झालेला दिसला होता. पण तिथे कुणाला औषध मिळतंय हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पुढे कुणालाच माहीत नाही अशा बेताने चाचण्या झाल्या. २००४ साली जर्मनीत ११४ रुग्ण: मेलेल्या भागात संसर्ग औषध घेणाऱ्यांत १२ टक्के, खोटं औषध घेणाऱ्यांत ९ टक्के. २००७ साली अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णालयांत १०० रुग्ण, औषध मेरोपेनेम: १८ टक्के आणि १२ टक्के. म्हणजे फायदा शून्य.

कारण साधं आहे. औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या भागात रक्त जात नाही. तिकडे औषध पोचतं थोडं, पण आतड्यातले साधे जंतू मात्र सगळे मारले जातात आणि मागे उरतात ते औषधाला न जुमानणारे जंतू आणि कॅन्डिडा नावाची बुरशी. मग २३व्या दिवशी खरी गरज पडते तेव्हा हातात शस्त्रच उरत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ते शस्त्र म्यानात ठेवलं होतं.

मात्र पहिल्या आठवड्यातही अँटिबायोटिक देण्याची कारणं असतात, आणि ती शोधणं हे डॉक्टरांचं कामच आहे. खडा पित्तनलिकेत अडकून पित्तात संसर्ग झाला (थंडी वाजून ताप, वाढती कावीळ), न्युमोनिया झाला, शिरेत घातलेल्या नळीतून जंतू रक्तात गेले, तर एक तासही थांबायचं नाही. पित्तनलिकेत संसर्ग असेल तर २४ तासांत दुर्बिणीने ती मोकळी करायची. तेव्हा 'अँटिबायोटिक का देत नाही' यापेक्षा 'जंतू कुठे कुठे शोधलेत, रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलंय का' हा प्रश्न विचारलात तर डॉक्टरही जरा सावरून बसतात.

प्रश्न : आईच्या पोटात संसर्ग झाल्याचं १९व्या दिवशी सीटी स्कॅनवर दिसलं. तरी सर्जननी आणखी पंधरा दिवस फक्त अँटिबायोटिक दिलं, मग पाठीकडून एक नळी घातली. पू झाला की निचरा करायचा हे आम्हा सामान्य माणसांनाही कळतं. तज्ज्ञांना एवढी वाट कशाची बघायची होती?

पू झाला की वाट करून द्यायची, हा शस्त्रक्रियेचा सगळ्यात जुना नियम, आणि गळवाच्या बाबतीत आजही खरा. पण हे गळू नव्हे. गळवात द्रव असतो. इथे आहे मेलेलं मांस, चरबी आणि थोडा द्रव यांचा राडा. त्याला भिंत नसते. ती बनायला साधारण चार आठवडे लागतात.

याचा अर्थ मला एका पेशंटने शिकवला. नव्वदच्या दशकाचा मध्य, मी नुकतीच सर्जन झाले होते. चाळिशीतला माणूस, आजाराचा नववा दिवस, ताप १०३, पोट ढोलासारखं. वरिष्ठ आणि मी, आमचं एकमत झालं: आत पू आहे, उघडायचं. उघडलं. पू नव्हताच. होता राखाडी, ओल्या लगद्यासारखा भाग, आणि त्यात बोट घातलं तर जिवंत कुठे संपतं आणि मेलेलं कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नव्हतं. ओढावं तिथे रक्त. शेवटी कापडी पट्ट्या कोंबून रक्त थांबवलं आणि पोट अर्धवट उघडं ठेवून बाहेर आलो. त्या दिवशी पाठवलेलं कल्चर चार दिवसांनी आलं: कोणतीही वाढ नाही. आठवड्याने पाठवलेल्या कल्चरमध्ये मात्र तीन प्रकारचे जंतू होते. ते आमच्या हातांनी आत गेले होते. तो माणूस एकविसाव्या दिवशी गेला. त्याच्या बायकोने मला हात जोडून 'तुम्ही खूप केलंत' म्हटलं, आणि मी ते ऐकून घेतलं.

पाचव्या आठवड्यात तोच भाग हातात घेतला तर वेगळाच लागतो. भोवती चिवट आवरण झालेलं असतं आणि मेलेला तुकडा पिकल्या पानासारखा देठातून सुटून येतो. रक्त फारसं येत नाही. सर्जन वाट बघतो ती या आवरणाची.

'वाट बघणं' म्हणजे नुसतं बसणं नव्हे, आणि आता त्याला पुरावाही आहे. हे काम सर्वांत चिकाटीने नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या गटाने केलं. २०१० साली त्यांनी ८८ रुग्ण घेतले. एका गटाचं पोट थेट उघडून साफ केलं, दुसऱ्या गटात आधी फक्त नळी, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच छोट्या छेदातून सफाई. मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांना नळीनंतर पुढे काहीच करावं लागलं नाही. पुढचा प्रश्न नेमका तुमचाच होता: संसर्ग पक्का झाल्यावर नळी लगेच घालायची की आवरण होईपर्यंत थांबायचं? २०२१ सालच्या त्यांच्या अभ्यासात १०४ रुग्ण होते. लगेच, म्हणजे २४ तासांत नळी घातल्याने गुंतागुंत कमी झाली नाही. आणि थांबलेल्या गटातले ३९ टक्के रुग्ण नुसत्या अँटिबायोटिकवर बरे झाले, त्यांना नळीसुद्धा लागली नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तो नववा दिवस आठवला आणि जेवण गेलं नाही.

थांबता येत नाही अशाही वेळा असतात. आत रक्तस्राव झाला, आतड्याला भोक पडलं, पोटातला दाब वाढून लघवी बंद पडली आणि श्वास कोंडला, किंवा योग्य औषध चालू असूनही पेशंट तासातासाला खालावत गेला. तुमच्या आई त्या पंधरा दिवसांत स्थिर होत्या असं तुमच्या पत्रातल्या बाकी मजकुरावरून दिसतं. मग सर्जननी बरोबर केलं. फक्त त्यांनी तुम्हाला बसवून हे सांगायला हवं होतं, आणि तिथे तुमची तक्रार रास्त आहे.

नळी पाठीकडून, डाव्या कुशीतून का, हेही तुम्ही विचारलंय. स्वादुपिंड पोटाच्या पडद्यामागे आहे. पुढून गेलं तर आतड्यांमधून वाट काढावी लागते आणि घाण पोटभर पसरू शकते. मागून गेलं तर मागचं मागेच राहतं. शिवाय पुढे सफाई करायची वेळ आली तर नळीचा तोच माग धरून आत जाता येतं. हल्ली तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्या मागच्या भिंतीला भोक पाडूनही निचरा करतात. २०१८ साली दोन्ही वाटांची तुलना झाली, तेव्हा जीव वाचवण्यात त्या सारख्याच ठरल्या, पण दुर्बिणीच्या वाटेने स्वादुपिंडाचा रस बाहेर गळत राहण्याचा त्रास बराच कमी झाला: ५ टक्के, दुसरीकडे ३२ टक्के. कुठली वाट घ्यायची ते साठा कुठे आहे आणि त्या रुग्णालयात कुणाचा हात बसलाय, यावर ठरतं.

प्रश्न : मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. अशाच एका पेशंटच्या ड्रेनमधून (निचऱ्याच्या नळीतून) रात्री दोन वाजता अचानक शंभर मिली लाल रक्त आलं आणि आपोआप थांबलं. ड्युटीवरचे ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, नळी आत घासली असेल, सकाळी बघू. मी थेट मोठ्या सरांना फोन केला. रक्त थांबलेलं असताना झोपमोड केली म्हणून दुसऱ्या दिवशी मला बोलणी बसली. माझं चुकलं का?

सिस्टर, तुमचं काही चुकलं नाही. तुमच्या पत्राची झेरॉक्स काढून मी आमच्या शिकाऊ डॉक्टरांच्या खोलीत लावली आहे, तुमचं नाव झाकून.

स्वादुपिंडाच्या मागून प्लीहेची धमनी जाते आणि त्याच्या डोक्यापाशी, म्हणजे उजवीकडच्या जाड टोकाशी, आणखी एक मोठी धमनी आहे. पाचकरस आणि पू यांत आठवडेच्या आठवडे भिजून या धमन्यांची भिंत झिजते आणि तिथे फुगा येतो. तो फुटायच्या आधी अनेकदा एक इशारा देतो: थोडं ताजं रक्त येतं, गुठळी बसते, थांबतं. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. काही तासांनी किंवा दोन दिवसांनी गुठळी सुटते आणि पुढचं रक्त शंभर मिलीत मोजायचं नसतं. म्हणून नियम असा की नळीतून ताजं लाल रक्त आलं, मग ते थांबलेलं का असेना, त्याच वेळी धमन्यांचा सीटी करायचा. फुगा दिसला तर जांघेतून तार नेऊन ती धमनी आतून बंद करता येते. सकाळपर्यंत थांबून चालत नाही.

तुम्ही ड्रेनच्या निगेबद्दलही विचारलंत. हे काम इतकं रटाळ दिसतं की कुणी शिकवत नाही. नळी निदान १२ फ्रेंचची असते, म्हणजे व्यास ४ मिलिमीटर. त्यातून लगदा यायचाय. न धुता ठेवली तर दोन दिवसांत तुंबते. म्हणून दर आठ तासांनी सलाइनने धुवायची. डच अभ्यासात एका वेळी ५० मिली वापरत. हळू सोडायचं. हाताला अडल्यासारखं लागलं तर जोर लावायचा नाही, डॉक्टरांना सांगायचं. जोर लावलात तर तो पू रक्तात ढकलला जातो आणि अर्ध्या तासात पेशंट कुडकुडायला लागतो. आत घातलेलं सलाइन आणि बाहेर आलेलं पाणी वेगवेगळं लिहायचं. मी राउंडला गेले की 'ड्रेन ३००' असं वाचायला मिळतं, आणि त्यातलं दीडशे आपणच घातलेलं असतं.

आणि पिशवीचा रंग बघायचा, रोज, उजेडात धरून. सुरुवातीला गढूळ तपकिरी, तळाला गाळ. तो निवळत जायला हवा. स्वच्छ पाण्यासारखं पण रोज भरपूर यायला लागलं तर तो स्वादुपिंडाचा रस, त्यातलं अमायलेझ (स्वादुपिंडाचं एक पाचकद्रव्य) तपासायला पाठवायचं. हिरवट झालं किंवा शौचाचा वास आला तर आतड्याशी वाट फुटलीय. आणि एकाएकी शून्य झालं तर आनंद मानू नका. साठा संपण्यापेक्षा नळी तुंबलेली असण्याची किंवा सरकलेली असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मोठ्या आतड्यातले चांगले जंतू वाढवण्यासाठी प्रोबायोटिकच्या पुड्या अशा पेशंटला द्याव्यात का?

तीव्र पॅन्क्रियाटायटिसमध्ये देऊ नयेत. ऐकायला कल्पना सुंदर होती: वाईट जंतू पाझरतात, तर चांगले भरा. २००८ साली त्याच डच गटाने २९८ रुग्णांवर करून पाहिलं. संसर्ग कमी झाला नाही, उलट मृत्यू ६ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेले. प्रोबायोटिक दिलेल्या नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. आधीच गुदमरलेल्या आतड्यावर हा भार झेपला नसावा.

आतड्याला खरं बळ अन्नाने मिळतं. पोटाला पूर्ण आराम म्हणून आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवणं आता गेलं. शिरेतून पोषण दिलेल्यांपेक्षा आतड्यातून दिलेल्यांत संसर्ग कमी होतो. आतडं चालू राहिलं की अस्तर टिकतं. त्यासाठी पहिल्याच दिवशी नाकात नळी घालायची घाई मात्र नको. तीन दिवस थांबून तोंडाने देऊन बघितलं तरी निकाल तोच येतो, आणि हे तपासणाऱ्या अभ्यासात थांबलेल्यांपैकी ६९ टक्के लोक तोंडानेच जेवले.

एक दुरुस्ती

पॅथॉलॉजीतून निवृत्त झालेल्या एका वाचकांनी मागच्या अंकातल्या माझ्या वाक्यावर बोट ठेवलंय. मी लिहिलं होतं, 'सीटीत साठ्यामध्ये हवेचे बुडबुडे दिसले म्हणजे संसर्ग पक्का.' ते लिहितात की आवरण झालेला साठा कधी कधी आपणहून जठरात किंवा आतड्यात फुटून रिकामा होतो, तेव्हाही आत हवा दिसते, आणि पेशंट मात्र बरा होत चाललेला असतो. सरांचं बरोबर आहे, माझं वाक्य घाईचं होतं. बुडबुडे आणि सोबत ताप, खालावणारी तब्येत, वाढतं प्रोकॅल्सिटोनिन (रक्तातली संसर्गाची एक खूण) हे सगळं असेल तर संसर्ग धरून चालावं. उलट बुडबुडे नाहीत म्हणून संसर्ग नाही, असंही नव्हे. संसर्ग असलेल्या सगळ्यांत ते दिसतच नाहीत.

त्यांनी पुढे विचारलंय, मग सुई घालून द्रव तपासत का नाही? पूर्वी सर्रास तपासायचो. आता सहसा नाही, कारण सुईत जंतू सापडले नाहीत म्हणून ते नाहीतच अशी खात्री देता येत नाही, आणि सापडले तरी आवरण होईपर्यंत थांबायचा बेत बदलत नाही. बुरशीची शंका असेल किंवा औषध लागू पडत नसेल तेव्हा मात्र सुई उपयोगी. आणि एक, आठवडाभर आत असलेल्या नळीच्या पिशवीतून घेतलेल्या द्रवात कॅन्डिडा सापडला की लगेच बुरशीचं औषध सुरू करतात, ते मला पटत नाही. तो बहुधा नळीवर राहायला आलेला पाहुणा असतो. आतून ताजा घेतलेला नमुना बोलतो, पिशवीतला नाही.

प्रश्न : मी या आजारातून वाचलो. ७८ दिवस रुग्णालयात होतो, घरी येऊन पाच महिने झाले. पण वजन भरत नाही, शौच चिकट होतं आणि पाण्यावर तरंगतं. परवा अंगात कणकण आली तर रात्रभर झोपलो नाही. मी आता किती घाबरायचं आणि कशाला?

तुमचा प्रश्न मला फार आवडला. 'कशाला' हे ठरवूनच घाबरूया.

चिकट, तरंगणारं शौच म्हणजे चरबी पचत नाही. ग्रंथीचा भाग गेला, तिचा रस कमी पडतो. तो कॅप्सूलमधून देता येतो. मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेझपासून (चरबी पचवणारं द्रव्य) सुरुवात करतात. कॅप्सूल जेवताना घ्यायची. जेवण झाल्यावर तासाने आठवण झाली तर उपयोग नाही, कारण अन्न पुढे गेलेलं असतं. 'औषध लागू पडत नाही' म्हणणाऱ्या माझ्या निम्म्या पेशंटचं एवढंच चुकत असतं. सोबत रक्तातली साखर सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी तपासा. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही त्याच ग्रंथीत होत्या.

कणकण एक दिवस आली आणि गेली तर ती इतर चारचौघांसारखीच. १०१च्या वर ताप दोन दिवस टिकला, थंडी वाजली, पोटात किंवा डाव्या कुशीत दुखू लागलं, कावीळ दिसली, उलटीत रक्त आलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर रुग्णालय गाठायचं आणि सांगायचं की मला पूर्वी नेक्रोसिस झाला होता. मागे राहिलेल्या साठ्यात महिन्यांनीही संसर्ग होऊ शकतो.

डिस्चार्जचं कार्ड काढून दोन गोष्टी बघा. तुमचा निचरा दुर्बिणीने झाला होता, असं तुम्ही लिहिलंय. मग जठरात धातूचा स्टेंट (निचऱ्याची वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) बसवला होता का, आणि तो काढल्याची तारीख कार्डावर आहे का? तो साधारण चार आठवड्यांत काढायचा असतो, राहिला तर भिंतीत रुततो, धमनीला घासून रक्तस्राव करतो. पेशंटला बरं वाटायला लागतं, तो यायचं विसरतो, आणि आम्हीही फोन करायचं विसरतो. तारीख नसेल तर उद्याच फोन करा. दुसरं, आजार पित्ताच्या खड्यांमुळे झाला होता का, आणि पित्ताशय काढलंय का? सौम्य आजारात ते त्याच मुक्कामात काढतात. तुमच्यासारख्यांत सूज आणि साठे विरेपर्यंत थांबतात, आणि त्या थांबण्यात अनेकांचं राहूनच जातं. दारूमुळे झाला असेल तर दारू बंद, एक घोटही नाही. सिगारेटही बंद.

शेवटी तुम्ही लाजत लाजत विचारलंय की नळीच्या जुन्या व्रणापाशी खोकताना फुगवटा येतो, तो काय? तो बहुधा हर्निया आहे. त्याला घाबरायचं नाही, पण दाखवायचं. आणि बाहेर बाकावर बसवलेल्या हर्नियाच्या पत्रांना पुढच्या अंकात तुमच्यापासूनच सुरुवात करेन.